देणगीचा भाव : परदेशातल्या गरिबीवर आपला पैसा खर्चला, तर कुणाच्या पदरात काय पडतं?

आफ्रिकेतल्या एका लहान मुलाला मलेरियाने मरण्यापासून वाचवायचं, तर देणगीदाराला आजच्या भावाने साधारण साडेचार ते पाच लाख रुपये मोजावे लागतात. आवाहनाच्या पत्रकावर मात्र आकडा वेगळा असतो : एक मच्छरदाणी, दोन डॉलर. डॉलर नव्वद रुपयांचा धरला (वेगळं सांगितलं नसेल तिथे या लेखात तोच धरला आहे, रोजचा दर धरून लिहिलं तर छापून येईपर्यंत शिळं होतं) तर एकशेऐंशी रुपये. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला फळाचा भाव आहे, दुसरा वस्तूचा. देणगी मागणारे बहुतेक वेळा दुसराच सांगतात आणि देणारेही पहिला विचारत नाहीत.

तो विचारायला हवा. परदेशी विकासकामात खासगी पैसा किती उपयोगी पडतो यावर विद्वानांत वाद खूप आहेत. पण ज्याला वर्षाला दहा हजार किंवा दहा लाख द्यायचे आहेत, त्याला त्या वादातून एवढंच काढून घ्यायचं असतं की कुठे दिलेला रुपया किती चालतो. फरक पाच-दहा टक्क्यांचा नाही, दहापट-पन्नासपट आहे.

दोन डॉलरची जाळी लाखांची कशी होते

अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन ही ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झालेली संस्था फक्त मच्छरदाण्या घेते. कारखान्यातून निघताना जाळी दोनेक डॉलरची असते. मग बंदर, ट्रक, जिल्ह्याचं गोदाम, घरोघर नोंदणी, वाटप आणि काही महिन्यांनी जाळी खरोखर टांगली आहे की नाही याची तपासणी. हे सगळं मिळवलं की जाळी पाच-सहा डॉलरची होते. त्यातला बराच खर्च त्या देशाचं सरकार किंवा दुसरी संस्था उचलते, पण तो कुणाच्या तरी खिशातून जातोच.

आता जाळीखाली झोपलेलं प्रत्येक मूल जाळी नसती तर मेलं असतं, असं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा औषध लावलेल्या जाळ्यांमुळे पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. आरोग्याच्या जगात ही फार मोठी घट आहे. तरीही याचा अर्थ असा की बहुतेक मुलं जाळीविनाही वाचली असती. काही जाळ्या ट्रंकेत राहतात, काहींनी मासे धरले जातात, दोन-तीन वर्षांत भोकं पडतात, आणि अनेक भागांतले डास आता जुन्या औषधाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी दोन औषधांची, थोडी महाग जाळी लागते. हे सगळं वजा करत गेलं की हिशेब हजारेक जाळ्यांमागे एक जीव असा काहीतरी येतो.

असले हिशेब मांडण्याचं काम अमेरिकेतली गिव्हवेल ही संस्था करते. हेज फंडातली नोकरी सोडलेल्या दोन तरुणांनी २००७ मध्ये ती काढली. कुठे द्यावं हे त्यांनाच कळेना, संस्थांना फोन केले तर रंगीत पत्रकं यायची, म्हणून. तिची आकडेमोड सगळ्यांना पाहायला खुली असते आणि दर वर्षी बदलते. त्यामुळे तिच्या आकड्यांना सोनाराच्या तराजूचा मान देऊ नये. साडेचार लाखांचे सहा होतील, काही देशांत तीनही. पण साडेचार लाख आणि साडेचार कोटी यांतला फरक त्यातून नक्की कळतो. महाग वाटत असेल तर पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयात दोन-तीन आठवडे अतिदक्षता विभागात काढलेल्या कुणालाही बिल विचारा.

बाकीच्या वस्तूंचे दर

मलेरियाचंच दुसरं काम : सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार-पाच महिने लहान मुलांना दर महिन्याला प्रतिबंधक गोळ्या. एका मुलाचा एक हंगाम साधारण सहा-सात डॉलरमध्ये होतो, म्हणजे सहाशे रुपयांच्या आत-बाहेर. अ जीवनसत्त्वाचे वर्षाला दोन डोस पोचवायला मुलामागे दोन-तीन डॉलर. जंताची गोळी त्याहून स्वस्त, वर्षाला अर्धा डॉलरही नाही.

या स्वस्ताईने भुलू नये. अ जीवनसत्त्वाची गोळी जगात बऱ्याच ठिकाणी मुलांचे जीव वाचवताना दिसली. पण उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेली जी प्रचंड चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मृत्यूंमध्ये जेमतेम ४ टक्के घट दिसली आणि तीही योगायोगाची असू शकेल इतकी बारीक. गोळी तीच. जिथे मुलांच्या शरीरात त्या जीवनसत्त्वाची वाण फार आहे आणि गोवरासारखे रोग मोकाट आहेत तिथे ती जीव वाचवते. इतरत्र ती फक्त एक गोळी असते. म्हणून 'कुठल्या जिल्ह्यात?' हा प्रश्न 'कुठली संस्था?' या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा. जंताच्या गोळीचं आणखी वेगळं. केनियातल्या शाळांमध्ये १९९८ पासून मायकल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी केलेल्या अभ्यासात गोळीमुळे मुलांची शाळेतली हजेरी वाढलेली दिसली. पुढे २०१५ मध्ये त्या आकड्यांची फेरतपासणी झाली आणि संशोधकांची चांगलीच जुंपली. भारतात मात्र हा प्रश्नच मिटल्यासारखा आहे, कारण २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला सरकार ही गोळी शाळा-अंगणवाड्यांत फुकट देतं. त्याच कामासाठी इथे कुणी तुमच्याकडे देणगी मागत असेल तर विचारा, माझ्या पैशाने नेमकं काय जास्तीचं होणार आहे?

लहान मूल 'दत्तक' घेण्याच्या योजना, म्हणजे महिन्याला चाळीसेक डॉलर आणि वर्षातून एक पत्र व फोटो, यांना अभ्यासक नाक मुरडतात. पण कम्पॅशन इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेच्या योजनेचा सहा देशांत अभ्यास झाला, तेव्हा अशी मुलं मोठेपणी इतरांपेक्षा वर्ष-सव्वा वर्ष जास्त शिकलेली आढळली. म्हणजे उपयोग आहे. किंमत मात्र वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये एका मुलामागे, तीही दहा-बारा वर्षं. फोटोची किंमत त्यात धरलेली असते.

आणि सरळ रोख पैसे? गिव्हडायरेक्टली ही संस्था केनियात गरीब कुटुंबाच्या मोबाइलवर सुमारे हजार डॉलर एकरकमी पाठवते, एम-पेसा या तिकडच्या सर्रास वापरातल्या मोबाइल पैशाच्या सेवेतून. अट नाही, उपदेश नाही. तुमच्या डॉलरमधले साधारण ८० ते ८५ सेंट कुटुंबाच्या हातात पडतात. लोक ते दारूत उडवतात, ही शंका सगळ्यांना येते. अभ्यासांत तसं दिसलं नाही. पत्र्याचं छप्पर, गाय, पोरांच्या शाळेची फी असा खर्च झाला. सियाया परगण्यातल्या साडेसहाशे गावांवर झालेल्या अभ्यासात असंही दिसलं की बाहेरून आलेल्या एका डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली आणि भाव मात्र फारसे चढले नाहीत. दोष नाहीत असं नाही : २०२२ मध्ये काँगोत याच संस्थेच्या काही कर्मचाऱ्यांनी नऊ लाख डॉलरच्या घरात अपहार केला. संस्थेने तो स्वतः जाहीर केला, म्हणून आपल्याला कळला.

रोख रक्कम ही मापाची काठी म्हणून फार सोयीची आहे. कुणी तुम्हाला शिलाई मशीन, शेळी, सौर दिवा, कौशल्य प्रशिक्षण यांसाठी माणशी चाळीस हजार सांगत असेल, तर एवढंच विचारा : हेच चाळीस हजार त्या बाईच्या हातात दिले असते तर ती याहून वाईट काय करणार होती? ज्या संस्थेकडे याला उत्तर आहे ती संस्था चांगली. पुष्कळांकडे नसतं.

पुण्यात तयार झालेली स्वस्ताई

आतापर्यंतचे भाव किरकोळ खरेदीचे होते. खासगी दानाचा खरा पराक्रम दिसतो तो घाऊक बाजारात, म्हणजे जिथे त्या पैशाने वस्तू विकत घेतली नाही तर वस्तूचा भावच कायमचा पाडला. याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण हडपसरला आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी दर काही वर्षांनी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोकांना लागण झाली आणि पंचवीस हजार मेले. या साथींमागे मुख्यतः जंतूचा 'अ' गट होता. टिकाऊ लस करता येईल एवढं शास्त्र उपलब्ध होतं. पण गिऱ्हाईक आफ्रिकेतली गरीब सरकारं, म्हणून मोठ्या कंपन्यांना रस नव्हता. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले, आणि पाथ ही संस्था व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काम सुरू केलं. त्यांनी आधी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं की तुम्हाला परवडेल काय. उत्तर आलं, डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत. भाव आधी ठरला, लस नंतर. तो मान्य करणारा उत्पादक मिळाला पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. लशीचं एक महत्त्वाचं तंत्र अमेरिकी सरकारच्या प्रयोगशाळेतून आलं, कच्चा माल सुरुवातीला ॲमस्टरडॅमहून. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोत मेनआफ्रिव्हॅक ही लस टोचायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षांत तीस कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली आणि 'अ' गटाचा मेंदूज्वर त्या पट्ट्यातून जवळजवळ नाहीसा झाला.

हिशेब करा. ७ कोटी डॉलर भागिले तीस कोटी माणसं, म्हणजे माणशी वीस-पंचवीस सेंट, वीस रुपये. लस विकत घेण्याचा आणि टोचण्याचा खर्च वेगळा. तो गावी या लस-आघाडीने आणि त्या-त्या सरकारांनी केला. (गावीच्या स्थापनेतही २००० साली गेट्स यांचे ७५ कोटी डॉलर होतेच.) पण जी गोष्ट बाजार करणार नव्हता आणि सरकारं करू शकत नव्हती, ती खासगी पैशाने झाली. 'अ' गट गेला तरी बाकीचे गट राहिले, त्यासाठी पाच गटांवरची नवी लस लागली, आणि २०२४ मध्ये नायजेरियात सुरू झालेली तीही पुण्याचीच.

मदुराईच्या अरविंद नेत्रालयाची गोष्ट याच जातीची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायची भिंगं आयात करावी लागत आणि एकेक शंभर डॉलरच्या पुढे जाई. अमेरिकेतल्या सेवा फाउंडेशनसारख्या देणगीदारांनी भिंगं पाठवत राहण्यापेक्षा १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना उभा करायला मदत केली. भिंग दहा डॉलरवर आलं, नंतर आणखी खाली. भिंगं वाटत राहिले असते तर आजही वाटतच बसले असते.

पुण्याचा आणखी एक दाखला जुना आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था, जिचं नाव करोनाच्या काळात घरोघरी पोचलं, ती १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या भागीदारीत. फाउंडेशन १९६७ मध्ये बाहेर पडलं, संस्था राहिली. दानाने उभं केलेलं काम दान संपल्यावर चालतं का, ही परीक्षा तिने पन्नासहून अधिक वर्षं दिली आहे.

महाराष्ट्रातून बाहेर गेलेले दोन नमुने

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९९५ ते १९९८ दरम्यान ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला शिकवायचं : बाळाचं वजन करणं, ते गरम ठेवणं, श्वास अडखळला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखणं, आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं. या शेवटच्या गोष्टीवर डॉक्टर मंडळींत बरीच खळखळ झाली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधानुसार नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले आणि एका बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर, तेव्हाच्या दराने सव्वादोनशे रुपये. प्रयोगाला फोर्ड आणि मॅकआर्थर या अमेरिकी फाउंडेशनांचा पैसा होता. याच धर्तीवर २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी ठरलेल्या गृहभेटी देतात. भेटी पूर्ण केल्यावर त्यांना एका बाळामागे २५० रुपये असा मोबदला ठरला. या रकमेबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, पण तो वेगळा विषय. इथे मुद्दा असा की फाउंडेशनने गडचिरोलीतल्या बाळांचा खर्च कायम उचलला नाही. पद्धत चालते हे सिद्ध करण्याचा खर्च उचलला. तो खर्च एकदाच येतो आणि सरकारं तो सहसा करत नाहीत, कारण प्रयोग फसला तर उत्तर कोण देणार?

दुसरा नमुना मुंबई महापालिकेच्या शाळांतला. 'प्रथम' या संस्थेने नव्वदच्या दशकात वस्तीतल्याच तरुण मुलींना 'बालसखी' म्हणून घेतलं. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात याची काटेकोर चाचणी केली. खर्च मुलामागे वर्षाला १०७ रुपये. बडोद्यात शेजारीच संगणकावर गणिताचे खेळ देऊन पाहिले, तर गणितात फरक बालसखीपेक्षा जास्त पडला, पण खर्च ७२२ रुपये. फोटो काढायला संगणक बरे दिसतात. रुपयामागे फळ मात्र बालसखीचं कित्येक पट जास्त निघालं. हीच पद्धत सुधारत, वर्गाऐवजी मुलाच्या पातळीप्रमाणे शिकवण्याची रीत म्हणून, पुढे झांबियासारख्या देशांत सरकारी शाळांत गेली. बॅनर्जी, डुफ्लो आणि वर उल्लेख आलेले क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अशाच कामासाठी मिळालं.

महागात पडलेली खरेदी

दक्षिण आफ्रिकेतून आलेला प्लेपंप म्हणजे मुलांनी फिरवायचं चक्र आणि त्याच्या जोरावर वर चढणारं पाणी. मुलांचा खेळ होतो, गावाला पाणी मिळतं. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि केस फाउंडेशन यांनी मिळून त्यासाठी १.६४ कोटी डॉलर जाहीर केले. चार वर्षांत चार हजार पंप बसणार होते. एका पंपाची किंमत १४,००० डॉलर, म्हणजे साडेबारा लाख रुपये. साधा हातपंप याच्या चौथाई पैशात होतो आणि गावचा मिस्त्री तो दुरुस्त करतो. २००९ मध्ये 'गार्डियन'ने गणित मांडलं की जाहिरातीत सांगितलेल्या माणसांना पुरेल एवढं पाणी काढायचं तर मुलांनी दिवसाचे सत्तावीस तास खेळायला हवं. शेवटी शाळा सुटल्यावर बायाबापड्याच ते चक्र ढकलत बसल्या. केस फाउंडेशनने नंतर अपयश जाहीरपणे कबूल केलं. या धंद्यात ते विरळाच.

अपयश नेहमी असं हास्यास्पद नसतं. गेट्स आणि रॉकफेलर या दोन फाउंडेशनांनी २००६ मध्ये आफ्रिकेसाठी हरितक्रांतीची आघाडी काढली. रॉकफेलरच्याच पैशावर १९४३ नंतर मेक्सिकोत गव्हाचं काम झालं होतं आणि त्यातून आलेल्या बियाण्यांनी पंजाबचं चित्र बदललं. म्हणजे अनुभव दांडगा. सुमारे एक अब्ज डॉलर आले. कोट्यवधी लहान शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२० पर्यंत दुप्पट करण्याचं उद्दिष्ट होतं. ते झालं नाही. देणगीदारांनीच करवून घेतलेल्या मूल्यमापनातही निष्कर्ष संमिश्र निघाले. पंजाबात कालवे, हमीभाव, सरकारी खरेदी, रस्ते होते. बियाणं आणि खत विकत आणता येतं, बाकीचं देणगीत येत नाही.

आणि हैती. २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकन रेड क्रॉसकडे जवळपास पन्नास कोटी डॉलर जमले. २०१५ मध्ये पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा संस्थेने बांधलेली कायमची घरं सहा निघाली. पैसा इतरही कामांना गेला, असं संस्थेचं म्हणणं. तरी टीव्हीवर भूकंप पाहून त्या रात्री पाठवलेला पैसा हा सर्वांत कमी फळणाऱ्या पैशांपैकी असतो, कारण त्या आठवड्यात तो सगळेच पाठवतात.

आपला पैसा किती मोठा, किती छोटा

सगळी मोठी फाउंडेशनं मिळून २०१६ ते २०१९ या चार वर्षांत विकसनशील देशांसाठी खर्चली ती रक्कम ४,२५० कोटी डॉलर. त्यात सर्वांत मोठा वाटा एकट्या गेट्स फाउंडेशनचा. याच्या शेजारी ठेवा श्रीमंत सरकारांची मदत : २०२४ या एका वर्षात २१,२०० कोटी डॉलरच्या आसपास, तीही आदल्या वर्षीपेक्षा घटलेली. आणि परदेशात राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा त्या वर्षी त्याच्याही तिपटीने जास्त. आखातातला कोकणी माणूस रत्नागिरीत आईला दरमहा पाठवतो ते या हिशेबात कुठल्याही फाउंडेशनपेक्षा मोठं दान आहे, फक्त त्याला कुणी पुरस्कार देत नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएड बंद केली, तेव्हा ती जागा खासगी दान भरून काढेल असं काही लोक म्हणाले. वरचे आकडे पाहिले की तसं होणार नाही हे कळतं. त्याच वर्षी बिल गेट्स यांनी २०४५ पर्यंत २०,००० कोटी डॉलर खर्चून फाउंडेशन बंद करण्याचं जाहीर केलं. वीस वर्षांत विभागलं तर वर्षाला हजार कोटी डॉलर. मोठी रक्कम, पण सरकारांच्या मदतीच्या विसाव्या हिश्शाएवढी. म्हणून सरकारचं रोजचं काम पाठीवर घ्यायला निघालेल्या संस्थेपेक्षा, काम स्वस्त करणाऱ्या किंवा काम चालतं हे दाखवून देणाऱ्या संस्थेला मी आधी पैसे देईन. एवढी ताकद एका कुटुंबाच्या फाउंडेशनच्या हाती असावी का, जगाच्या आरोग्याचा क्रम सिॲटलमध्ये ठरावा का, हा प्रश्न खरा आहे आणि तो मच्छरदाणीच्या भावाने सुटत नाही.

पाठवणावळ

भारतात राहून परदेशी संस्थेला देणगी देता येते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यात देणगी बसते. ए-२ अर्ज आणि पॅन लागतो. वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो नंतर विवरणपत्रात वळता होतो, पण पैसे तोवर अडकतात. छोट्या रकमेला फटका पाठवणावळीचा : बँकेचं कमिशन सहसा पाचशे ते हजार, त्यावर जीएसटी, चलन बदलण्यावर किमान ४५ रुपये जीएसटी, दरातला फरक, वाटेतल्या परदेशी बँकेची कात्री. दहा हजार पाठवले तर हजार-दीड हजार सहज गळतात. क्रेडिट कार्डाने दिलं तर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी. छोट्या देणगीला हेच बरं. कर-सवलत शून्य, कारण ८०जी फक्त इथे नोंदलेल्या संस्थांना.

इथल्या संस्थेला दिलं तर सर्वसाधारणपणे निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही जुनी करपद्धत निवडलेल्यांनाच. दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, आणि संस्थेने १०बीई प्रमाणपत्र दिलं पाहिजे. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.) कंपनीच्या सीएसआरचा पैसा देशाबाहेर खर्चता येत नाही, तेव्हा कंपनीच्या खात्यातून आफ्रिकेला मदत हा विचार सोडा.

उलट दिशेने, म्हणजे परदेशातून महाराष्ट्रातल्या संस्थेला द्यायचं असेल, तर पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय अंशदान ठरत नाही. परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असलेल्या त्याच्या मुलीने दिलेला ठरतो. मग संस्थेकडे परकीय अंशदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. गावातल्या छोट्या संस्था यात अडकतात. अमेरिकेत महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या तिथे नोंदलेल्या संस्थेमार्फत दिलं तर तिथली वजावट मिळू शकते. २०२६ पासून खर्चाची यादी न जोडणाऱ्यांनाही एकट्याला हजार आणि जोडप्याला दोन हजार डॉलरपर्यंत. ब्रिटनमधला करदाता गिफ्ट एडचा अर्ज भरून देत असेल तर त्याच्या पौंडावर सरकार २५ पेन्स घालतं. अर्ज न भरणारे ते तसेच सोडून देतात.

फोनवर विचारायचं ते

'तुमचा प्रशासकीय खर्च किती टक्के?' हा सगळ्यांचा आवडता प्रश्न मी विचारणार नाही. चार टक्के खर्चात निरुपयोगी काम करणारी संस्था आणि वीस टक्के खर्चात जाळी टांगली आहे का हे तपासणारी संस्था, यांत दुसरी स्वस्त. विचारायचं ते असं : मागच्या वर्षी काय जमलं नाही? तुम्ही नसतात तर हे काम कुणी केलं असतं का? माणशी एकूण किती पडलं, सरकारचा आणि दुसऱ्या संस्थांचा खर्च धरून? तुमच्या कामाची तपासणी तुमच्याशिवाय कुणी केली आहे का? उत्तरात गोष्टी येत असतील, एका मुलीची, एका विधवेची, तर शांतपणे ऐकून घ्या आणि प्रश्न पुन्हा विचारा. अमेरिकी संस्थेचं ९९० विवरणपत्र आणि ब्रिटिश संस्थेचे चॅरिटी कमिशनकडचे हिशेब कुणालाही पाहता येतात. एफसीआरएवाल्या भारतीय संस्थेनेही परदेशी पैशाचा हिशेब जाहीर करायचा असतो. आणि देणगी द्यायचं ठरलं की ती 'अमुक शाळेच्या बाकांसाठीच' अशी बांधून देऊ नका. ज्या संस्थेवर एवढाही भरवसा नाही तिला बाकंही देऊ नयेत.